‘चार्ज’ नावाचे ओझे

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा म्हणून वही घालायची, पानाच्या डावीकडे शब्द लिहायचा, उजवीकडे त्याचे चार-सहा समानार्थी शब्द लिहायचे आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ते घोकायचे, ही रीत आपल्याकडे शाळेपासून स्पर्धापरीक्षांच्या वर्गांपर्यंत सगळीकडे रुजली आहे. एकाच अर्थाला चिकटून राहणाऱ्या शब्दांपुरती ती चालते. पण इंग्रजीत रोज भेटणारे शब्द नेमके तसे नसतात. ‘चार्ज’ हा शब्द घ्या. वहीत त्याच्यासमोर आरोप, आकार, हल्ला, कार्यभार, बोजा, विद्युतप्रभार, सांभाळ अशी रांग लागेल. ही रांग पाठ झाली तरी समोरच्या वाक्यात यांपैकी कोणता अर्थ घ्यायचा हे ती सांगत नाही. उलट ‘आरोप’ आणि ‘वीजबिलातला आकार’ एकाच घरात कसे नांदतात या कोड्याने शिकणारा बावचळतो. म्हणून या लेखात सुचवायची आहे ती वेगळी वाट. अनेकार्थी शब्दाचे अर्थ मोजत बसू नका. त्याच्या पोटात असलेले एक चित्र शोधा, आणि मग प्रत्येक वाक्याला विचारा की या चित्रात कोण, कोणावर, काय करत आहे. ‘चार्ज’च्या पोटातले चित्र ओझ्याचे आहे. प्रश्न एवढाच उरतो की कोणी कोणावर कसले ओझे लादले.

हे कौशल्य आपल्याला नवे शिकायचे नाही, ते मराठीत आपल्या अंगवळणी पडलेले आहे. ‘लागणे’ हे क्रियापद पाहा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, वेळ लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, मूल रडू लागते, डोळा लागतो, आणि एखादा गृहस्थ आपला मामाही लागतो. यातला प्रत्येक अर्थ वेगळा आहे, तरी कोणत्याही मराठी मुलाला ‘लागणेचे दहा अर्थ’ असा तक्ता पाठ करावा लागत नाही. शेजारी भूक आहे की निकाल, एवढ्यावरून काम भागते. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, हा विचार जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात आग्रहाने मांडला. मराठी माणूस तो ‘लागणे’च्या निमित्ताने दिवसभर आचरत असतो. इंग्रजी शब्दापुढे आल्यावर मात्र आपण ही सवय गुंडाळून ठेवतो आणि यादीच्या मागे लागतो. (पाहा, इथेही ‘लागतो’च.)

आता ते चित्र. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडी. रोमन लोकांनी हा शब्द गॉल प्रदेशातल्या केल्टिक भाषेतून उचलला होता. त्यावरून ‘गाडीवर माल लादणे’ या अर्थाचे ‘कार्रिकारे’ हे क्रियापद झाले. त्याचे जुन्या फ्रेंचमध्ये ‘शार्जे’च्या जवळपास जाणारे रूप झाले, आणि १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर जो फ्रेंच शब्दांचा लोंढा इंग्रजीत आला, त्याच्याबरोबर ‘चार्ज’ही आला. इंग्रजीत त्याचा पहिला अर्थ साधा, हाताला जाणवणारा होता : ओझे, भार. याच घराण्यातला ‘कार्गो’ स्पॅनिशमधून आला. तो अजून बंदरावर माल वाहतो. ‘कॅरी’ म्हणजे वाहून नेणे हाही त्यांच्यातलाच. ‘कॅरिकेचर’ इटालियनमधून आला. त्यात चेहऱ्यावर अतिशयोक्तीचा बोजा लादलेला असतो. ‘करिअर’ हा तर मुळात गाडीरस्ता, हे मुलांच्या करिअरची चिंता वाहणाऱ्या पालकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मराठी वाचकासाठी यातली खरी सोय पुढे आहे. ‘चार्ज’च्या वेगवेगळ्या अर्थांना आपल्याकडे जे प्रतिशब्द रुळले, त्यांतल्या बऱ्याच शब्दांत ‘भार’ आधीच बसलेला आहे. अधिकाऱ्याचा चार्ज म्हणजे कार्यभार किंवा पदभार. तात्पुरता चार्ज सांभाळणारा तो प्रभारी. मूळ आकारावर चढवलेला सरचार्ज म्हणजे अधिभार. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात विद्युतप्रभार, तर मराठी विश्वकोशात विद्युत् भार. विहिरीचे किंवा भूजलाचे रिचार्ज म्हणजे पुनर्भरण. भार आणि भरण ही दोन्ही ‘भृ’ या एकाच संस्कृत धातूची लेकरे. पारिभाषिक शब्द घडवणाऱ्यांनी ही जुळणी मुद्दाम साधली असेल किंवा भाषेच्या ओढीने ती आपोआप झाली असेल, पण ती आपल्या उपयोगाची आहे. एक गोष्ट स्पष्ट करायला हवी : ‘चार्ज’ आणि ‘भार’ यांच्यात रक्ताचे नाते नाही. ‘भार’चे तसे नाते आहे इंग्रजीतल्या ‘बर्डन’ आणि ‘बेअर’ या शब्दांशी. फारसीतला ‘बार’ही त्याच कुळातला, आणि आपले बारदान हे त्या फारसी शब्दाचे वंशज. ‘चार्ज’ आणि ‘भार’ हे दोन वेगळ्या घरांतले, पण एकच व्यवसाय करणारे शब्द. दोन वेगळ्या संस्कृतींना जबाबदारी, कर आणि दोष या तिन्ही गोष्टी खांद्यावरच्या ओझ्यासारख्या वाटल्या, म्हणून त्यांच्या वाटा जुळल्या.

विजेकडे हा शब्द कसा गेला याची हकिकत या पद्धतीचा उत्तम पुरावा आहे. ओझे गाडीवर लादतात, जहाजात भरतात, तशी बंदुकीत दारू भरतात. एका बारासाठी लागणारी दारू म्हणजे चार्ज, आणि बंदूक चार्ज करणे म्हणजे बार भरणे. अठराव्या शतकाच्या मध्याला युरोपात लायडन कुपी आली. काचेच्या बरणीत वीज साठवता येऊ लागली आणि स्पर्श होताच ती कडाडून बाहेर पडू लागली. भरून ठेवायचे आणि एका क्षणात उडवायचे, हे काम बंदुकीसारखेच होते. बेंजामिन फ्रँकलिनने अशा अनेक कुप्या एकत्र जोडल्या आणि त्या संचाला तोफखान्यातला ‘बॅटरी’ हा शब्द दिला. बॅटरी म्हणजे मुळात एकत्र मांडलेल्या तोफांचा समूह. तेव्हा आज आपण मोबाइलची बॅटरी चार्ज करतो त्या वाक्यातली दोन्ही पदे तोफखान्यातून आलेली आहेत. हे माहीत असलेल्या वाचकाला ‘डेप्थ चार्ज’ हा पाणबुडीविरुद्धचा स्फोटक दारूगोळा आहे हे सांगावे लागत नाही, आणि तो त्याचे भाषांतर ‘खोलीचा आकार’ असे करत नाही.

‘चढाई’ या अर्थाशी मात्र धागा थोडा बारीक होतो, हे मान्य करायला हवे. भाला पेलून समोर रोखणे, शस्त्र सज्ज करणे, आणि तसेच शत्रूवर तुटून पडणे अशी ही साखळी सांगितली जाते. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियन युद्धात बालाक्लावा इथे सुमारे ६७० ब्रिटिश घोडेस्वार चुकीच्या समजलेल्या हुकमामुळे रशियन तोफांवर चालून गेले, त्या घटनेचे नाव ‘चार्ज’. टेनिसनच्या कवितेने ती अजरामर केली. या अर्थाचे लक्षण वेग आहे : अंतर तोडत धावून जाणे. म्हणूनच ‘लाठीचार्ज’ला आपण लाठीमार म्हणतो तेव्हा अर्थाचा झोक बदलतो. इंग्रजी शब्दात लाठी घेऊन जमावावर धावून जाण्यावर भर आहे. मराठी शब्दात प्रत्यक्ष पडलेल्या तडाख्यांवर. लाठ्या उगारून पोलीस धावले, जमाव पांगला, कोणाला लागले नाही, तर इंग्रजी बातमीत ‘चार्ज’ झालेला असतो. मराठी बातमीत लाठीमार झाला असे लिहिणे चूक ठरेल. वार्ताहराने हा फरक पाळायला हवा.

पैशाच्या अर्थाकडे वळू, कारण सामान्य वाचकाची ‘चार्ज’शी गाठ सर्वांत जास्त तिथेच पडते. महावितरणच्या वीजबिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार असे रकाने असतात आणि त्याच बिलात खाली वीज शुल्कही असते. इंग्रजीत पहिले तीन ‘चार्ज’, शेवटचे ‘ड्यूटी’. आकार हा वीज पुरवणाऱ्याने आपल्या सेवेपोटी घातलेला भार, शुल्क हे सरकारने घातलेले. ‘आकार’ हा शब्द नवा नाही. सातबाऱ्यावर जमिनीचा सारा या अर्थाने तो पिढ्यान्‌पिढ्या बसलेला आहे, आणि ‘आकारणी’ त्याचीच. आता समानार्थी म्हणून जे शब्द वहीत लिहिले जातात ते पाहा : प्राइस, कॉस्ट, फी, फेअर, टोल, रेंट, फाइन. सगळ्यांत पैसे जातात, एवढेच साम्य. प्राइस वस्तूला चिकटलेली असते. कॉस्ट घेणाऱ्याच्या किंवा बनवणाऱ्याच्या बाजूने मोजतात, त्याला किती पडले. चार्ज मागणाऱ्याच्या बाजूने असतो. म्हणून ‘कॉस्ट’ या क्रियापदाचा कर्ता वस्तू असते, आणि ‘चार्ज’चा कर्ता दुकानदार. दुकानदार तुम्हाला पाचशे रुपये चार्ज करतो. छत्री तुम्हाला पाचशे रुपये कॉस्ट करते. कर्ता बदलून पाहा, वाक्य लगेच लंगडते. फी व्यावसायिकाची किंवा संस्थेची, फाइन म्हणजे दंड, टोल रस्त्यावरचा. इथे मराठी माणसाची हमखास चूक कुठे होते, तर फेअर आणि रेंट यांत. कारण आपल्याकडे रिक्षाचेही भाडे आणि खोलीचेही भाडेच. चूक इंग्रजीच्या अज्ञानातून होत नाही. मराठीने जिथे भिंत घातलेली नाही तिथे इंग्रजीने घातलेली असते, म्हणून होते. स्वतःच्या भाषेत अशा भिंती कुठे आहेत आणि कुठे नाहीत याची जाण ठेवली, तर निम्म्या चुका जागीच थांबतील.

आरोपाचा अर्थ अधिक जपून हाताळायचा आहे, कारण तिथे माणसाची अब्रू गुंतलेली असते. व्याकरणाची पुस्तके सांगतात की ‘चार्ज’नंतर ‘विथ’ आले तर आरोप, ‘फॉर’ आले तर पैसे, ‘ॲट’ आले तर अंगावर धावून जाणे, ‘टु’ आले तर कोणाच्या तरी खात्यावर टाकणे. ही खूण पक्की आहे, ती लक्षात ठेवावी. पण तेवढ्यावर विसंबलात तर एक सापळा आहे. ‘ही वॉज चार्ज्ड विथ द मर्डर’ म्हणजे त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला. ‘ही वॉज चार्ज्ड विथ इन्व्हेस्टिगेटिंग द मर्डर’ म्हणजे खुनाच्या तपासाची जबाबदारी त्याच्यावर सोपवली गेली. ‘विथ’ दोन्हीकडे आहे. एक माणूस गजाआड जायचा आहे, दुसऱ्याने त्याला गजाआड घालायचे आहे. इथे ओझ्याचे चित्रच उपयोगी पडते : खांद्यावर काय ठेवले? गुन्हा ठेवला की काम ठेवले? शब्दयोगी खूण दारापर्यंत नेते, आत मात्र हा प्रश्न विचारूनच जावे लागते.

त्यातच अलेज, अक्यूज, ब्लेम आणि चार्ज हे शब्द एकमेकांच्या जागी टाकण्याची सवय आपल्या बातम्यांत आणि समाजमाध्यमांवर बोकाळली आहे. ‘अलेज’मध्ये पुराव्याविना केलेले विधान असते, त्याचे कर्म विधान असते, माणूस नव्हे. ‘अक्यूज’ कोणीही कोणालाही करू शकतो, नवरा-बायकोसुद्धा. ‘ब्लेम’मध्ये दोष देणे आहे, गुन्हा असलाच पाहिजे असे नाही, पावसालाही देता येतो. ‘चार्ज’ मात्र या अर्थाने अधिकारी यंत्रणाच करते, आणि ती एका ठरावीक टप्प्यावर करते. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तिच्यातही क्रम तोच आहे. गुन्हा नोंदवला जातो, तपास होतो, पोलीस न्यायालयात अहवाल देतात, ज्याला आपण बोलीत चार्जशीट आणि मराठीत दोषारोपपत्र म्हणतो, आणि त्यानंतर न्यायालय स्वतः आरोप निश्चित करते, तो खरा ‘चार्ज’. तो न्यायालयाच्या भाषेत लिहायचा आणि आरोपीला वाचून, समजावून सांगायचा, असा कायद्याचा आग्रह आहे. म्हणजे गुन्हा दाखल होणे हा चार्ज नव्हे, अटक हाही नव्हे. ब्रिटनच्या बातमीत मात्र ‘चार्ज्ड’ आले तर ते काम तिथल्या पोलिसांनी किंवा अभियोग यंत्रणेने केलेले असते, न्यायालयाने नव्हे. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे : ‘चार्ज्ड’चे भाषांतर ‘दोषी ठरला’ असे कधीही करू नये. ओझे ठेवले गेले आहे. ते त्याचेच आहे हे अजून ठरायचे आहे.

एकाच खटल्यात हा शब्द दोन अर्थांनी कसा वावरतो याचे उदाहरण मुंबईतच आहे. १९५९मध्ये नौदल अधिकारी के. एम. नानावटी यांच्यावर खुनाचा खटला ज्यूरीपुढे चालला. त्यांच्यावरचा ‘चार्ज’ खुनाचा होता. सुनावणी संपल्यावर न्यायाधीशांनी ज्यूरीला पुरावा आणि कायदा समजावून सांगितला. त्या भाषणालाही इंग्रजीत ‘चार्ज’ म्हणतात, कारण त्यातून निर्णयाची जबाबदारी ज्यूरीच्या खांद्यावर ठेवली जाते. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने निर्दोष ठरवले, न्यायाधीशांना ते पटले नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि तिथे दुसऱ्या अर्थाचा ‘चार्ज’च सदोष ठरला : ज्यूरीला केलेल्या मार्गदर्शनात चुका होत्या. नानावटी दोषी ठरले, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. या निकालपत्रांत ‘चार्ज’ सदोष असल्याचे वाचून जो वाचक ‘खुनाचा आरोपच चुकीचा होता’ असा अर्थ काढेल, तो निकालाचा अर्थ उलटा घेऊन उठेल.

मालमत्तेच्या कागदांतला ‘चार्ज’ सर्वांत दुर्लक्षित, आणि खिशाला सर्वांत महाग पडणारा. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, शंभराव्या कलमात, त्याची व्याख्या आहे. एकाची स्थावर मालमत्ता दुसऱ्याच्या पैशाला तारण राहते, पण तो व्यवहार गहाणाच्या व्याख्येत बसत नाही, तेव्हा तो चार्ज. गहाणात मालमत्तेतला काही हक्क घेणाऱ्याकडे जातो. चार्जमध्ये जात नाही, मालमत्तेवर फक्त भार राहतो. गावाकडे याला साधा, नेमका शब्द आहे : बोजा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा चढलेला असतो, कर्ज फिटल्यावर तो कमी करून घ्यावा लागतो. कंपन्यांनी आपल्या मालमत्तेवर निर्माण केलेला चार्ज निबंधकाकडे ३० दिवसांत नोंदवावा असे २०१३चा कंपनी कायदा सांगतो. घर घेताना करारात मालमत्ता सर्व ‘चार्जेस’पासून मुक्त आहे असे वाक्य असते, तेव्हा त्याचा अर्थ ‘कोणतेही शुल्क भरावे लागणार नाही’ असा समजणारे कमी नाहीत. त्या वाक्याचा अर्थ ‘मालमत्ता बोजारहित आहे’ असा आहे, आणि सही करण्याआधी तोच तपासायचा असतो.

कार्यभाराच्या अर्थात एक बारीक गंमत आहे. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ म्हणजे मूल परिचारिकेच्या ताब्यात. ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’ म्हणजेही मूल परिचारिकेच्याच ताब्यात. मधला ‘द’ आला की सत्ता उलट बाजूला जाते. हा ‘द’ विसरणाऱ्या विद्यार्थ्याच्या निबंधात बाळच परिचारिकेला सांभाळू लागते. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत शिक्षिका आपल्या ‘चार्जेस’ना फिरायला नेते, ती मुले, त्यांचा सांभाळ तिच्यावर सोपवलेला असतो. शिवाय मराठी ‘प्रभारी’ आणि इंग्रजी ‘इन चार्ज’ तंतोतंत जुळत नाहीत. इंग्रजी माणूस ‘इथे इन चार्ज कोण?’ विचारतो तेव्हा त्याला पूर्ण अधिकार असलेला माणूस हवा असतो. आपला प्रभारी मुख्याध्यापक बहुधा कायम नेमणुकीची वाट पाहत असतो.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो वजनदार आहे : शब्दाचे मूळ म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. ‘नाइस’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘अज्ञानी’ या अर्थाच्या शब्दापासून आला. ते मूळ धरून कोणी ‘नाइस डे’चा अर्थ लावू लागला तर हसे होईल. हे अगदी खरे आहे. म्हणून व्युत्पत्ती कोशात पाहिली की काम झाले असे इथे म्हणायचे नाही. मूळ चित्र अजून जिवंत आहे का, म्हणजे आजच्या बहुतेक अर्थांना ते लावून पाहता येते का, ही कसोटी लावायची. ‘चार्ज’च्या बाबतीत आरोप, आकार, बोजा, कार्यभार, बार, वीज या सगळ्यांना ‘ओझे लादणे’ लागू पडते. फक्त ‘चढाई’ला ओढूनताणून. ‘नाइस’च्या बाबतीत चित्र मेलेले आहे, तेव्हा त्याचा नाद सोडायचा आणि संगतीवर भिस्त ठेवायची. ‘फेअर’चे तर आणखी वेगळे : न्याय्य या अर्थाचा ‘फेअर’ आणि जत्रा या अर्थाचा ‘फेअर’ हे मुळातच दोन निराळे शब्द आहेत, योगायोगाने एका उच्चाराचे आणि एका स्पेलिंगचे. त्यांच्यात एकच चित्र शोधणे म्हणजे नावे जुळली म्हणून दोन अनोळखी माणसांना भाऊ ठरवणे.

दुसरा आक्षेप परीक्षार्थींचा. प्रश्नपत्रिकेत समानार्थी शब्द विचारतात, मग याद्या नकोत कशा? याद्या असू द्याव्यात, पण त्या कशासाठी असतात हे समजून घ्यावे. पीटर मार्क रोजे या डॉक्टराने १८५२मध्ये आपला प्रसिद्ध थिसॉरस छापला तेव्हा शब्द वर्णानुक्रमाने न लावता कल्पनांच्या सुमारे हजार गटांत लावले. त्याच्या प्रस्तावनेत आपल्या अमरकोशाचाही उल्लेख आहे, आणि तो रास्तच, कारण अमरसिंहाने हेच काम कित्येक शतके आधी केले होते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी रचलेला राजव्यवहारकोशही विषयवार वर्गांत बांधलेला आहे. हे कोश ज्याला शब्द आधीच माहीत आहे पण आठवत नाही त्याच्यासाठी आहेत. बोलणाऱ्याला ते निवडीसाठी पेटी उघडून देतात. प्रत्येक शब्द कुठे शोभतो हे ते सांगत नाहीत. परीक्षेत वाक्य दिलेले असेल तर ओझ्याचा प्रश्न विचारून उत्तर मिळते. नुसता शब्द दिलेला असेल तर पर्यायांतली नामे कोणती, क्रियापदे कोणती हे पाहिले की बरेचसे पर्याय गळतात.

तिसरा आक्षेप : ‘चार्ज’ मराठीत आलाच आहे, मग भार, आकार, बोजा हे कशाला? चार्जर आणि चार्जिंग यांना आता कोणी परके म्हणू नये, आणि कचेरीत ‘चार्ज दिला, चार्ज घेतला’ हे रूढ आहे. बोलण्यात त्याला हरकत नाही. पण मराठी शब्द जो भेद दाखवतात तो ‘चार्ज’ या एका शब्दाने पुसला जातो. ‘फ्लॅटवर काही चार्ज आहे का?’ या प्रश्नाला दलाल ‘मेंटेनन्सचा आहे फक्त’ असे उत्तर देईल आणि खोटे बोलल्याचे पापही त्याला लागणार नाही. ‘फ्लॅटवर बोजा आहे का?’ असे विचारले की त्याला पळवाट राहत नाही. पैसा, अब्रू किंवा स्वातंत्र्य पणाला लागलेले असेल तिथे नेमका मराठी शब्द वापरावा, मोबाइलला खुशाल चार्ज करावे.

वही घालायचीच असेल तर ती अशी घाला. एका पानावर एकच शब्द. वर त्याचे चित्र, एका ओळीत. खाली वर्तमानपत्र, बिल, करार, निकालपत्र यांतून उतरवून घेतलेली पुरी वाक्ये, आणि प्रत्येक वाक्यासमोर ‘कोणी, कोणावर, काय’ एवढ्याचे उत्तर. मराठी प्रतिशब्द सर्वांत शेवटी लिहायचा, आधी नव्हे. अर्थ आणि वापर दोन्ही पाहायला शिकणाऱ्यांसाठी केलेले कोश बरे, ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना तयार केलेल्या आणि १९४२मध्ये तिथेच प्रसिद्ध झालेल्या कोशाने ही परंपरा रुजवली, आणि पुढे त्याचाच ऑक्सफर्डचा प्रसिद्ध विद्यार्थी-कोश झाला. त्यात शब्दानंतर कोणते पद येते हे सोदाहरण दिलेले असते, जे नुसत्या इंग्रजी-मराठी कोशात बहुधा सापडत नाही.

हे जमले की नाही हे पाहायला ‘डिसचार्ज’ घ्या. चित्र आता उलटे झाले, ओझे उतरवणे. धरणातून नदीत सोडलेले पाणी क्युसेकमध्ये मोजतात तो डिसचार्ज, मराठीत विसर्ग. रुग्णालयातून डिसचार्ज म्हणजे घरी सोडणे. रुग्णाचा सांभाळ संस्थेच्या खांद्यावरून उतरला. कर्जाचा डिसचार्ज म्हणजे फेड, कर्तव्याचा डिसचार्ज म्हणजे ते पार पाडणे, बॅटरीचा म्हणजे उतरणे, जखमेतला म्हणजे स्राव. आणि आरोपीचा? इथे घाई करू नका. न्यायालयाने आरोप निश्चित करण्याआधीच, पुरेसा आधार नाही म्हणून आरोपीला वगळले तर तो डिसचार्ज, म्हणजे दोषमुक्त करणे. पूर्ण खटला चालवून सोडले तर ते ‘ॲक्विट’, म्हणजे निर्दोष मुक्तता. पहिल्यात ओझे खांद्यावर ठेवण्याआधीच बाजूला केले गेले. दुसऱ्यात ते वाहायला लावून, तोलून पाहून, शेवटी उतरवले गेले. बातमीत या दोन्हींना ‘सुटका’ म्हणून मोकळे होणारा उपसंपादक दोन वेगळ्या माणसांच्या कहाण्या एकच करून टाकतो.